हरभऱ्याएवढं औषध

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला कॉलेजं सुटतात आणि कराडच्या स्टँडकडे जाणारी पोरं आमच्या मेडिकलवरून जायला लागतात. डोकेदुखीची गोळी हवी असलेला थेट काउंटरशी येऊन मोठ्याने मागतो. मुरमांसाठी आलेलं पोर तसं येत नाही. ते आधी शांपूच्या पुड्या बघतं, वजनकाट्यावर उभं राहतं, दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतं. मग मान जराशी वळवून, ज्या बाजूला कमी उठलंय तो गाल माझ्यापुढे करून हळूच म्हणतं, ‘‘चेहऱ्याला लावायला काहीतरी द्या.’’ बावीस वर्षं मी या काउंटरमागे फार्मासिस्ट म्हणून उभी आहे. ते गाल वळवणं मला अजूनही टोचतं.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली चेहरा नीट कळत नाही. म्हणून मी काउंटरची फळी उचलून बाहेर येते आणि पोराला पायरीवर, उजेडात उभं करते. गेल्या जूनमध्ये डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली होती, तिलाही असंच उभं केलं. कपाळावर रव्यासारखे बारीक पांढरे दाणे होते. दोन्ही गालांवर लाल पुटकुळ्या, हनुवटीवर एक पिकलेली, आणि या सगळ्याच्या मधे जुन्या मुरमांचे तपकिरी डाग. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत मुरूम बसला तरी त्याचा डाग महिनोन्‌महिने मागे राहतो, आणि पोरींना मुरमापेक्षा तो डागच जास्त छळतो. तिने आजीच्या सांगण्यावरून जायफळ उगाळून लावलं होतं, मैत्रिणीच्या सांगण्यावरून लिंबू चोळलं होतं, आणि कुठेतरी बघून रात्री टूथपेस्टचे ठिपके दिले होते. टूथपेस्टने हनुवटीची कातडी भाजल्यासारखी झाली होती.

‘‘पंधरा दिवसांनी ताईचं लग्न आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तोवर जाईल ना?’’

नाही जाणार. हे मी तिला सांगितलं, सगळ्यांनाच सांगते. त्यामुळे काही गिऱ्हाइकं पायरी उतरून पुढच्या दुकानात जातात, तेही मला माहीत आहे. आज गालावर दिसणारा मुरूम आज झालेला नसतो. कातडीच्या छिद्रात तेल पाझरतं, तिथल्या मेलेल्या पेशी बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात, त्याचं बूच बसतं. ते इतकं सूक्ष्म असतं की आरशात दिसत नाही. त्या बंद छिद्रात हवा पोचत नाही, आणि तिथे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू वाढतो. तो सगळ्यांच्याच कातडीवर असतो, पण बंद जागेत फोफावतो. मग सूज, लाली, पू. बूच बसल्यापासून पुटकुळी वर दिसेपर्यंत कित्येक आठवडे गेलेले असतात. म्हणजे पंधरा दिवसांनी जे उठणार आहे त्याची तयारी कातडीच्या आत आधीच झालेली आहे.

ट्यूब देण्याआधी मी चार गोष्टी विचारते. पाळी वेळेवर येते का, हनुवटीवर-ओठांवर राठ केस वाढलेत का, दुसरं काही औषध चालू आहे का, कातडीखाली दुखऱ्या गाठी लागतात का. पाळीचं बिनसलं असेल किंवा गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील, तर माझ्या कपाटातल्या कुठल्याच ट्यूबचं ते काम नाही. त्यांना मी त्वचेच्या डॉक्टरांकडेच पाठवते. गाठींचे खड्डे एकदा पडले की कुठलं मलम ते भरून काढत नाही. लग्न झालेलीला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, कारण मुरमांवरची काही औषधं, ट्रेटिनॉइन आणि ॲडापलीनसारखी, पोटुशीने लावायची नसतात. या मुलीचं तसं काही नव्हतं. मी तिला बेंझॉइल पेरॉक्साइडची अडीच टक्क्यांची ट्यूब काढून दिली.

‘‘याहून स्ट्राँग नाही का?’’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. आहे, पाच टक्के असते, दहा टक्केही असते. पण अडीच टक्के आणि दहा टक्के यांत मुरूम कमी होण्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आग होण्यात आणि कातडी सोलवटण्यात. हे औषध छिद्रात उतरून ऑक्सिजन सोडतं, आणि हवेशिवाय जगणारा तो जंतू तिथे टिकत नाही. मला या औषधाचं विशेष वाटतं ते वेगळ्याच कारणाने. अँटिबायोटिक मलम महिनोन्‌महिने नुसतं लावत राहिलं की जंतू त्याला सरावतात आणि ते लागू पडेनासं होतं. बेंझॉइल पेरॉक्साइडला ते असे सरावत नाहीत. म्हणून डॉक्टरसुद्धा अँटिबायोटिक जेल देताना त्याच्या जोडीला हे देतात.

यानंतरचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते पाकिटावर वाचून जमत नाही. काउंटरच्या काचेवर मी ट्यूब दाबून हरभऱ्याच्या दाण्याएवढा ठिपका काढते. एवढंच, अख्ख्या चेहऱ्याला. त्याचे बोटाने पाच ठिपके करायचे: कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी. मग बाहेरच्या बाजूला पातळ पसरायचं, डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडून. चेहरा साध्या साबणाने किंवा फेसवॉशने धुतल्यावर लगेच नाही लावायचं, पाणी पूर्ण सुकू द्यायचं. सुरुवातीला एक दिवसाआड, रात्री.

इथे प्रत्येक जण एकच चूक करतो: जिथे मुरूम दिसतोय तिथेच औषध टेकवतो. मी त्या मुलीला विचारलं, ‘‘वडील शेती करतात?’’ करत होते, ऊस होता. म्हटलं, ‘‘लागण झाल्यावर तण उगवायच्या आधीच फवारणी करतात ना? उगवलेलं तण भांगलायचं वेगळं आणि उगवूच द्यायचं नाही ते वेगळं. हे त्यातलं दुसरं.’’ ती एकदम हसली. तिला लगेच कळलं.

शेवटी दोन सूचना. मॉइश्चरायझर लावायचंच, चेहरा तेलकट असला तरी. आणि टॉवेल, उशीचा अभ्रा पांढरा वापरायचा, कारण हे औषध कापडाचा रंग उडवतं. ‘‘आमच्यात पांढरा टॉवेल नाही,’’ ती म्हणाली आणि ट्यूब पर्समध्ये टाकून एसटी पकडायला पळाली.

दहाव्या दिवशी परत आली ती रडवेली. गालाच्या कातडीचे पापुद्रे सुटले होते, हसलं की तोंडाच्या कोपऱ्यात चरचरत होतं. लग्न तोंडावर आलं म्हणून तिने सकाळ-संध्याकाळ जाड थर दिला होता आणि वर अक्रोडाच्या भुकटीच्या स्क्रबने घासलंही होतं. अशा वेळी पोरं ट्यूब फेकून देतात आणि म्हणतात, मला सूट झालं नाही. बहुतेक वेळा औषध सूट झालेलं असतं, माप चुकलेलं असतं. मी तिला चार दिवस काहीच लावू नको म्हटलं, फक्त मॉइश्चरायझर. नंतर पुन्हा एक दिवसाआड. कातडी सरावली की रोज. मात्र चेहरा सुजला, डोळ्यांभोवती फुगलं, खाज सुटून पुरळ उठलं तर ती ॲलर्जी. मग ते औषध कायमचं बंद आणि थेट डॉक्टर.

बहिणीच्या लग्नाला ती मुरमांसकटच गेली.

बेंझॉइल पेरॉक्साइडखेरीज दुसरीही औषधं माझ्याकडे असतात. सॅलिसिलिक ॲसिडचे फेसवॉश आणि जेल मी काळ्या ठिपक्यांसाठी देते. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलाने भरलेल्या छिद्रात शिरून बूच सैल करतं. अर्धा ते दोन टक्के पुरतं. डाग जास्त असतील तर ॲझेलेइक ॲसिड चांगलं. ॲडापलीनच्या ट्यूबा हल्ली परदेशातूनही येतात, कुणाचा तरी दादा अमेरिकेहून घेऊन येतो. तिथे २०१६ पासून ०.१ टक्क्याचं जेल चिठ्ठीशिवाय मिळतं. औषध उत्तम आहे, पण ते लावून उन्हात फिरलं की कातडी पोळते, हे त्या दादाने सांगितलेलं नसतं. आणि बेंझॉइल पेरॉक्साइडची ट्यूब मी गाडीच्या डिकीत ठेवू देत नाही. उष्णतेने ते विघटित होऊन त्यातून बेंझिन तयार होऊ शकतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने यावर आवाज उठवला, तिथल्या एफडीएने ९५ उत्पादनं तपासली आणि २०२५ मध्ये त्यांतली मोजकी कंपन्यांनी बाजारातून मागे घेतली. बहुतेक उत्पादनांत काही आढळलं नाही किंवा अगदी नगण्य आढळलं. तरी कराडचा एप्रिल काय असतो ते मला ठाऊक आहे.

आता ज्या ट्यूबबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, ती. आपल्या औषध कायद्यात ‘चिठ्ठीशिवाय विकायची औषधं’ असा वेगळा वर्गच नाही. चिठ्ठी न बघता काय हातात द्यायचं आणि काय नाही, हे पुष्कळदा काउंटरवरचा माणूस ठरवतो. या फटीतून एक ट्यूब घराघरांत पोचली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, तीन औषधं एकत्र. यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. ठरावीक दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली लावायचं हे मिश्रण गोरं करणारी क्रीम म्हणून, मुरमांची क्रीम म्हणून, पार्लरमधून, शेजारणीकडून, मेडिकलमधून फिरत राहिलं. लावल्यावर आठवड्यात लाली बसते, चेहरा उजळ दिसतो. जे मी पंधरा दिवसांत होणार नाही म्हणते, ते ही ट्यूब करून दाखवते. मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते, स्टेरॉइडचेच मुरूम उठतात. आणि लावणं थांबवलं की चेहरा पेटतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो.

सुरुवातीची काही वर्षं ही ट्यूब मीही विकली. गिऱ्हाईक नाव सांगून मागायचं, मी द्यायचे. एक बाई दर महिन्याला न्यायच्या. एकदा दुपारच्या उन्हात त्यांनी पदर तोंडावर धरला होता, तो बाजूला झाला आणि मला त्यांचे गाल दिसले: टोमॅटोच्या सालीसारखे तकतकीत आणि लाल. त्या दिवसापासून मी ती ट्यूब द्यायची बंद केली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. नियम झाला, तरी मागणारे अजून येतात आणि त्यांना देणारंही कुणीतरी भेटतं.

ती मुलगी जुलैअखेर एकदा येऊन गेली. नवे मुरूम कमी उठत होते, जुने डाग तसेच होते. मी तिला सनस्क्रीन दिलं. ऊन लागलं की डाग गडद होतात. ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे नवव्या-दहाव्या आठवड्यात, ती स्वतःहून पायरीवर उजेडात जाऊन उभी राहिली. कपाळ साफ होतं. हनुवटीवर एकच पुटकुळी होती आणि तिला तिने नख लावलेलं नव्हतं. रिकामी ट्यूब तिने शेपटाकडून घट्ट गुंडाळत आणली होती, घरात टूथपेस्टची गुंडाळतात तशी.

‘‘आता बंद करू?’’

‘‘नको. चालू ठेव. बंद केलीस की बुचं परत बसतात.’’

गणपती झाल्यावर एका सकाळी तिची आई आली. हातातल्या पिशवीतून मरून रंगाचा टॉवेल काढून त्यांनी काउंटरवर पसरला. त्यावर हाताच्या पंजाएवढे पिवळट-पांढरे डाग पडले होते, दहा-बारा तरी.

‘‘ताई, हे बघा की. दिवाळीला घेतलेला नवा टॉवेल हाय. पोरगी म्हनती तुमच्या औषधानं झालाय.’’

मी टॉवेल हातात घेतला. डाग एकावर एक पडलेले होते, जुन्याच्या कडेला नवा. पोरीने एक रात्र चुकवली नव्हती. मी त्यांना औषधाचं सांगितलं, पांढऱ्या टॉवेलचं सांगितलं. त्यांनी टॉवेलची घडी घातली, पण निघाल्या नाहीत. दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या. मग पदर थोडा ओढून, मान वळवून म्हणाल्या, ‘‘माझ्या ह्या वांगावर बी द्या की कायतरी. शेजारणीनं एक दिलीया, पर लावायची सोडली की आग आग हुती.’’

पिशवीच्या तळातून त्यांनी ट्यूब काढली. नाव वाचायची गरज नव्हती, मला पाकिटाचा रंग पुरेसा होता.

‘‘किती दिवस लावताय?’’

‘‘झालं की तीन-चार म्हैनं.’’

मी काउंटरची फळी उचलली, बाहेर आले आणि त्यांना पायरीवर उजेडात घेऊन गेले.