ऊन, वारा आणि प्रयोगशाळा

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथमच जाणारा पाहुणा बहुधा एकच वास्तू पाहून परततो. करड्या पाषाणाची, मधोमध उंच मनोरा असलेली ती मुख्य इमारत आणि तिच्यासमोरील जमशेटजी टाटांचा पुतळा, एवढे पाहिले की संस्था पाहिली असे त्याला वाटते. मराठी पाहुण्याला ती वास्तू थोडी ओळखीचीही भासेल. कारण तिचा आराखडा मुंबईच्या सी. एफ. स्टीव्हन्स यांनी केला आणि हे स्टीव्हन्स म्हणजे मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे चिरंजीव. इमारत भव्य आहे यात शंका नाही. परंतु विज्ञानाच्या दृष्टीने अधिक विचार करायला लावणाऱ्या वास्तू त्याच आवारात, म्हैसूर संस्थानाने दिलेल्या ३७१ एकर भूमीवर, वृक्षांच्या आड उभ्या आहेत. त्यांना मनोरा नाही, कमानी नाहीत, कोरीव कामही नाही.

अशा वास्तूंपैकी एक म्हणजे विमानविद्या विभागाची इमारत. साधे पृष्ठभाग, आडव्या रेषा आणि खिडक्यांवर पुढे आलेले छज्जे, एवढेच तिचे बाह्यरूप. सजावटीची अपेक्षा ठेवून आलेल्या माणसाला ती एखाद्या कारखान्यासारखी किंवा सरकारी कचेरीसारखी वाटण्याचा संभव आहे. मात्र भिंतीवर पडलेल्या सावलीकडे तो घटकाभर पाहत राहिला, तर त्या छज्ज्यांमागे काही हिशेब आहे हे त्याच्या ध्यानात येऊ लागते.

ही इमारत ज्या विभागासाठी उभी राहिली तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जन्मास आला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. युद्धामुळे त्या कारखान्यात विमानांच्या दुरुस्तीचे काम वाढले. परंतु विमान मुळात का उडते हे जाणणारे अभियंते देशात बोटांवर मोजण्याइतकेच होते. ती उणीव भरून काढण्यासाठी डिसेंबर १९४२ मध्ये विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा डॉ. विष्णु माधव घाटगे या मराठी संशोधकाकडे आली. घाटगे यांनी जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली अध्ययन करून १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली होती. वाहत्या हवेचे शास्त्र ज्या थोड्या लोकांनी आधुनिक पायावर उभे केले त्यांत प्रांट्ल यांचे स्थान फार वरचे. याच घाटगे यांच्या नेतृत्वाखाली पुढे एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान तयार झाले आणि १९५१ मध्ये ते आकाशात उडाले.

इमारतीचे वास्तुशिल्पी ऑटो क्योनिग्सबर्गर हेही जर्मनीतूनच आलेले, परंतु अगदी निराळ्या वाटेने. त्यांचा जन्म १९०८ सालचा, बर्लिनचा. तेथेच वास्तुविद्या शिकून त्यांनी १९३३ मध्ये तरुण वास्तुशिल्पींना मिळणारे शिंकेल पारितोषिक पटकाविले. त्याच वर्षी नाझी सत्तेवर आले आणि ज्यू कुळातील या तरुणाची सरकारी नोकरी गेली. तो प्रथम इजिप्तला गेला. तेथे काही वर्षे प्राचीन वास्तूंचा अभ्यास करून १९३९ मध्ये तो म्हैसूर संस्थानाचा वास्तुशिल्पी म्हणून बंगळूरला आला. प्रख्यात पदार्थवैज्ञानिक माक्स बोर्न हे त्याचे सख्खे मामा. बोर्न यांनाही त्याच वर्षी आणि त्याच कारणाने गॉटिंगेनचे अध्यापकपद सोडावे लागले होते, आणि १९३५-३६ मध्ये सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या निमंत्रणावरून ते काही महिने याच विज्ञान संस्थेत राहून गेले होते. एका राजवटीने आपल्या देशातून ज्ञान हद्दपार केले आणि त्याचे काही कण वाऱ्यावर उडत दख्खनच्या पठारावर येऊन पडले.

क्योनिग्सबर्गर यांच्यापुढील प्रश्न उघड होता. त्यांनी शिकलेली नवी वास्तुशैली उत्तर युरोपातील होती. बर्लिन ५२½ अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून अवघा १४ अंश वर येतो. ऊन हे तेथे दुर्मिळ धन. म्हणून तेथील नव्या वास्तुशिल्पींनी भिंती पातळ केल्या आणि काचा वाढविल्या. तीच इमारत उचलून १३ अक्षांशावरील बंगळुरात ठेवली तर तिची भट्टी होईल. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंचीमुळे बंगळूरची हवा सौम्य आहे हे खरे. परंतु तेथील ऊन सौम्य नाही. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास सूर्य तेथे दुपारी बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारी चक्क उत्तरेकडे असतो.

यातून छज्ज्याचे गणित निघते, आणि ते शाळेतील त्रिकोणमितीच्या पलीकडचे नाही. २१ डिसेंबरला बंगळुरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस सुमारे ५३½ अंशांवर असतो. दक्षिणेकडील भिंतीवर तीन फूट पुढे आलेला छज्जा असेल, तर त्याची सावली भिंतीवर सुमारे चार फूट खाली उतरते. म्हणजे एक सामान्य खिडकी पुरी झाकली जाते. २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य उत्तरेस ७९½ अंशांवर असतो. तेव्हा उत्तरेकडील तेवढ्याच छज्ज्याची सावली १६ फूट खाली पोहोचते. नागपूरला मात्र डिसेंबरात हाच तीन फुटी छज्जा जेमतेम तीन फूट सावली देतो. एकाच नमुन्याची शाळा सर्व जिल्ह्यांत बांधणाऱ्यांनी हा आकडा जवळ बाळगावयास हरकत नाही.

पूर्व आणि पश्चिम या दिशांना मात्र छज्ज्याचे काही चालत नाही. मार्च महिन्यात सूर्योदयानंतर दीड तासाने सूर्य केवळ २० अंश वर असतो. चार फुटी खिडकी त्या उन्हापासून वाचवावयाची तर छज्जा ११ फूट लांब करावा लागेल! म्हणूनच उष्ण प्रदेशात लांबट इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला ठेवाव्यात आणि आखूड बाजू पूर्व-पश्चिमेला ठेवून त्यांत खिडक्या थोड्याच असाव्यात, हा नियम झाला.

उन्हानंतर वारा. खोलीच्या एकाच भिंतीला खिडकी असेल तर वारा दाराशी आलेल्या परक्या माणसासारखा बाहेरच घुटमळतो; त्याला समोर निघावयास वाट हवी. खोल्यांच्या एका बाजूस खिडक्या व दुसऱ्या बाजूस मोकळा व्हरांडा ठेवला की हवा आरपार जाते. शिवाय तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, म्हणून छताजवळ झरोके हवेत. हे आपल्याकडील वाड्यांना ठाऊक नव्हते असे नाही. चौक, ओसरी, माळ्याचे झरोके हे सारे त्याच अनुभवाचे फळ. क्योनिग्सबर्गर यांचे कार्य एवढेच की त्यांनी त्या अनुभवाला अंशांत आणि फुटांत मोजले आणि सलोह काँक्रीटच्या नव्या भाषेत लिहिले.

ज्या आवारात वास्तुशिल्पी नैसर्गिक वाऱ्याला आत बोलावीत होता, तेथेच अभियंते कृत्रिम वारा कोंडून त्याची परीक्षा घेऊ लागले, हा या जागेचा विशेष होय. विमान हवेतून धावते. पण हवा स्थिर विमानावरून धावली तरी परिणाम तोच होतो. या तत्त्वावर वातविवर, म्हणजे वाऱ्याचा बोगदा, चालतो. मोठा पंखा हवेचा प्रवाह निर्माण करतो. पुढे बोगदा निमुळता होत जातो, त्यामुळे हवेचा वेग वाढतो व प्रवाह एकसारखा होतो. तेथे विमानाची लहान प्रतिकृती तराजूला जोडून ठेवतात आणि हवा तिला किती वर उचलते व किती मागे ओढते ते मोजतात. बंदिस्त प्रकारात हीच हवा चार कोपरे वळून पुन्हा पंख्याकडे येते. कोपऱ्यावर प्रवाह विस्कटू नये म्हणून तेथे वक्र पात्यांची रांग बसविलेली असते. फिरत्या हवेची शक्ती वाया जात नसल्याने वीज कमी लागते. हा प्रकार प्रांट्ल यांनी गॉटिंगेनला रूढ केला आणि त्यांच्या शिष्याच्या विभागात तो बंगळुरात आला. १९५५ मध्ये विभागप्रमुख झालेल्या सतीश धवन यांच्या काळात स्वनातीत वेगाची छोटी वातविवरे आणि १४ फूट रुंद व ९ फूट उंच मापाचे मोठे खुले वातविवरही तेथे झाले. खुल्या प्रकारात बाहेरची हवा एका तोंडाने शिरते आणि दुसऱ्याने निघून जाते. असा बोगदा भोवतालच्या जागेवर अवलंबून असतो. त्याच्या तोंडापुढे भिंत उभी केली तर प्रवाहच बिघडेल. अशा ठिकाणी यंत्र कोठे संपते व इमारत कोठे सुरू होते हे सांगणे अवघड.

येथे एक आक्षेप रास्त आहे. आजच्या कित्येक उपकरणांना स्थिर तापमान आणि धूळविरहित हवा लागते. तेथे आरपार वारा म्हणजे संकटच. त्यामुळे जुन्या प्रयोगशाळांत खिडक्या बंद होतात, भिंतींना वातानुकूलन यंत्रे लटकतात आणि वास्तुशिल्पीचा हिशेब निरुपयोगी ठरतो. उपकरणांच्या दालनांपुरते हे मान्य करावेच लागेल. परंतु वाचनालय, व्याख्यानगृह, कचेरी, जिना यांना कोणते उपकरण आडवे येते? आज बंगळुरातच कचेऱ्यांसाठी चहूबाजूंनी काचेच्या इमारती उठल्या आहेत. त्या बर्लिनच्या डिसेंबरला शोभल्या असत्या. येथे त्या आधी ऊन आत घेतात आणि मग वीज जाळून ते बाहेर काढतात.

क्योनिग्सबर्गर यांनी संस्थेसाठी धातुविद्या विभाग आणि भोजनगृह व सभागृहही रचले. टाटांसाठी त्यांनी जमशेदपूरचा आणि ओरिसा सरकारसाठी भुवनेश्वरचा नगर-आराखडा केला, आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षे दिल्लीत केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक म्हणून निर्वासितांच्या वसाहतींचा प्रश्न हाताळला. स्वतः निर्वासित असलेल्या माणसाकडे हे काम यावे, हाही एक योगच. पुढे ते लंडनला गेले आणि उष्ण प्रदेशांतील वास्तुविद्येचे अध्यापन त्यांनी तेथे दीर्घकाळ केले. १९७०च्या दशकात सहकाऱ्यांसह लिहिलेले त्यांचे या विषयावरील पाठ्यपुस्तक आजही वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांच्या हाती असते. सूर्याचे कोन व छज्ज्यांची लांबी काढण्याच्या रीती त्यात आहेत. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

विमानविद्या विभाग आज अंतराळ विज्ञानालाही कवेत घेऊन नव्या नावाने चालतो. संस्थेच्या परवानगीने तो पाहावयास जाणाऱ्या शाळांनी शक्यतो डिसेंबरच्या अखेरची सहल ठरवावी आणि दुपारी सव्वाबाराच्या सुमारास आवारातील एखाद्या दक्षिणमुखी भिंतीसमोर उभे राहावे. सोबत मोजपट्टी असावी. छज्जा किती पुढे आला आहे हे अंदाजाने ठरवून त्याची सावली मोजली, तर चारास तीन हे प्रमाण विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येईल.