तासगावचा बेदाणा आणि विश्वाची थंडी

उष्णता असो वा रेणू, वाव मिळाला की पसरतात. आपणहून पुन्हा गोळा होत नाहीत. या पसरण्याच्या मापाला भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियसने १८६५ मध्ये नाव दिलं ‘एंट्रॉपी’. तिचा कारभार बघायचाय? सातारा-सांगलीत चला.

तासगावात साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे तीन किलो पाणी हवेत गेलं. तेवढं पाणी हीटरने उडवायचं तर जवळपास दोन युनिट वीज लागेल. टनभर बेदाण्याला दोन हजार युनिट! इथे ते काम उन्हाळ्याची कोरडी हवा फुकटात करते, तेही शेडच्या सावलीत. फळात दाटून बसलेलं पाणी हवेत पसरलं की एंट्रॉपी वाढते, म्हणून लागणारी उष्णता ते आजूबाजूच्या हवेतूनच ओढून घेतं. अडसर सालीवरच्या मेणाचा. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात. अवकाळी पावसाने बागायतदाराच्या पोटात गोळा येतो तो उगाच नाही: हवाच बाष्पाने भरली तर पाणी जाणार कुठे? बेदाणा काळा पडतो.

पाणी १०० अंशांना उकळतं, मग कऱ्हाडकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला पाक ११८ अंशांच्या आसपास कसा पोचतो? साखर मिसळल्याने द्रवाचीच एंट्रॉपी वाढलेली असते; पाण्याला वाफ व्हायची घाई उरत नाही. गुळव्याला थर्मामीटर लागत नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळली की काहील उतरवायची.

मात्र पसरायला वेळही लागतो. हरिपूरला हळद साठवायच्या जमिनीखालच्या बंद पेवात ऑक्सिजन संपायचा, कीड मरायची. उघडल्यावर ताजी हवा आत मिसळायला वेळ द्यायचा. घाईने उतरणं जिवावर बेतायचं.

सगळ्यात भन्नाट गोष्ट महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर. थर्मामीटरचा पारा शून्याच्या बराच वर, तरी पहाटे गाड्यांच्या टपांवर हिमकण! निरभ्र रात्री टप आपली उष्णता अवरक्त किरणांतून थेट अवकाशात सोडतो, आणि तिथे उणे २७० अंशांची थंडी. अख्खी पृथ्वीही हेच करते. सूर्याकडून आलेली ऊर्जा ती जवळपास तेवढीच परत पाठवते, पण सूर्याच्या एका फोटॉनमागे स्वतःचे सुमारे वीस. ऊर्जा तेवढीच, एंट्रॉपी कितीतरी जास्त. वाळव्याचा ऊस याच फरकावर पोसतो.

मात्र आभाळ आलं की उष्णतेची ही वाट अडते. त्या पहाटे वेण्णावर जायची तसदी घेऊ नका, हिमकण दिसायचे नाहीत.