आधी टास्क मॅनेजर, मग पाकीट

डेस्कटॉप हळू चालायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘रॅम टाकून घ्या, मशीन पळेल.’ लॅमिंग्टन रोडवर विचारा नाहीतर तालुक्याच्या दुकानात, उत्तर तेच. कधीकधी ते बरोबरही निघतं. पण बहुतेक वेळा ते मशीनकडे न बघताच दिलेलं असतं.

हळू चालणारं मशीन कशाची तरी वाट बघत असतं. कशाची, हे घरबसल्या फुकटात कळतं. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू, मेमरी आणि डिस्कचे आलेख दिसतात. ते पान उघडं ठेवून रोजचं काम करायचं: टॅली, एक्सेल, ब्राउझरचे नेहमीचे टॅब, जे असेल ते. मशीन अडकलं की त्या क्षणी शंभरावर कोण जाऊन बसलंय ते बघायचं. मेमरी आठपैकी साडेचार जीबी, सीपीयू १२ टक्के आणि डिस्क मात्र सलग १००, असं दिसत असेल तर रॅमवर घातलेले पैसे वाया जाणार.

जुन्या डेस्कटॉपवर बहुधा हेच दिसतं. साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो आणि ते डोकं योग्य जागी सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फायली सेकंदाला शंभरएक वेळा वाचल्या की तिचा दम संपतो. विंडोज सुरू होताना मात्र अशा फायली हजारोंनी लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर होतं. सात-आठ वर्षांच्या मशीनवर एकच खर्च करायचा असेल, तर तो हाच.

इथेच दुसरा गैरसमज आडवा येतो: खोक्यावरचा आकडा जितका मोठा, तितकं मशीन जलद. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, तर चौथ्या पिढीची एनव्हीएमई ७,००० पर्यंत जाते. व्हिडिओ एडिटिंगच्या अवजड फायली रोज इकडून तिकडे नेणाऱ्याला हा फरक दिसतो. पत्रं टाइप करणाऱ्याला, जीएसटी भरणाऱ्याला तो क्वचितच जाणवेल. एम.२चा खाचा दिसला म्हणून लगेच घेऊ नका. काही खाच्यांत फक्त साटा चालते, काहींत फक्त एनव्हीएमई. मदरबोर्डच्या माहितीपुस्तकात ते लिहिलेलं असतं.

‘एसएसडी लवकर खराब होते’ ही भीतीही जुनीच. ५०० जीबीच्या चांगल्या ड्राइव्हला साधारण ३०० टीबी लिहून होईपर्यंतची हमी असते. दिवसाला २० जीबी लिहिलं तरी वर्षाला साडेसात टीबी होत नाहीत; हिशेब चाळीस वर्षांपर्यंत जातो. ती अन्य कारणांनी अचानक बंद पडू शकते हे खरं. पण बॅकअप तर हार्ड डिस्कलाही लागतोच.

मग रॅम कधी घ्यावी? मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे आणि त्याच वेळी डिस्कही खडखडतेय, असं दिसलं तर. जागा अपुरी पडल्यामुळे विंडोज रॅममधला माल डिस्कवर उतरवत असतं. ४ जीबीवर चालणाऱ्या मशीनला ८ केल्याचा फरक लगेच कळतो. ढीगभर टॅब उघडे ठेवणाऱ्याला १६ उपयोगी पडतात. १६चे ३२ केल्याने घरच्या कामात फरक दिसत नाही. डीडीआर३, ४ आणि ५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. २०२५च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भावही चढले आहेत, तेव्हा ‘असू दे जास्तीची’ हा विचार आता महागात पडतो.

सर्वांत महागात पाडणारा गैरसमज प्रोसेसरच्या नावाचा. सेकंडहँड बाजारात ‘आय७ आहे, साहेब’ एवढ्यावर सौदे होतात. २०१३चा आय७-४७७० आणि २०२२चा आय३-१२१०० शेजारी ठेवून बघा: दोघांनाही चार कोअर, आठ थ्रेड, आणि तरीही आय३ आय७ला सहज मागे टाकतो. आयनंतरचा आकडा त्या पिढीतला दर्जा सांगतो, पिढी त्याच्या पुढच्या आकड्यात असते. शिवाय नुसता प्रोसेसर बदलता येईलच असं नाही. इंटेलच्या सॉकेटांची पिढी लवकर बदलते, त्यामुळे मदरबोर्ड बदलावा लागतो आणि मग बहुधा रॅमही. एएमडीच्या एएम४ने मात्र बरीच वर्षं साथ दिली. जुना रायझन असेल तर बायॉस अपडेट करून नवा बसतो का, हे आधी तपासायला हवं.

ग्राफिक्स कार्ड गेम, थ्रीडी आणि व्हिडिओसाठी. टॅली त्याने पळत नाही. ते घेतलंच तर एसएमपीएस पुरेल का ते बघा. नामांकित कंपन्यांच्या छोट्या कॅबिनेटांत एसएमपीएसचे प्लगही वेगळे असतात, नेहमीचा बसत नाही. आरजीबी दिव्यांनी खोली उजळते, एवढंच.

काही दुखणी तर किरकोळ खर्चात बरी होतात. पंख्यात धूळ साचली, थर्मल पेस्ट सुकली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. घड्याळ रोज मागे पडत असेल आणि वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडत असतील, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की ब्राउझर साइटचं प्रमाणपत्र मानत नाही.

शेवटचा प्रश्न विंडोजचा. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा, काही अपवाद वगळता, आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मशीन त्याआधीचं असेल तर त्यात रॅम, कार्ड, बोर्ड असं काही घालत बसू नये. साटा एसएसडी तेवढी घ्यायला हरकत नाही. ती उद्या काढून नव्या मशीनमध्ये दुसरी डिस्क म्हणून लावता येते.