वसंतांतील वनयात्रा : केडगांवाहून ताडोब्यापर्यंत

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला कीं आमच्या केडगांवांत घरोघरीं एकच प्रश्न निघतो : सुटींत कोठें जावयाचें? कोणी कोंकणांत जातात, कोणी मामाच्या गांवीं. परंतु अलीकडे "आपल्याच मोटारीनें विदर्भांतील जंगलें पाहून यावीं" असें म्हणणारे पालक मजकडे येऊन मार्ग विचारूं लागले आहेत. मी एकदां गेलों होतों आणि फजीत होऊन परत आलों होतों, हें त्यांस ठाऊक आहे. ज्याला ठेंच लागली त्यालाच वाट विचारावी, हा व्यवहार कांहीं वाईट नाहीं. तेव्हां प्रत्येकास निराळें सांगत बसण्यापेक्षां सर्व हकीकत येथें एकदांच लिहून ठेवितों.

प्रथम आमची फजिती. पांच दिवसांत चार जंगलें पाहावयाचीं असा बेत मीं नकाशावर बोट फिरवून ठरविला. नकाशावर बोट फार वेगानें चालतें. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सकाळीं जंगल, दुपारीं प्रवास, रात्रीं पुनः प्रवास, असा क्रम सुरू झाला. तिसऱ्या दिवशीं भर दुपारीं दोनच्या सुमारास धाकट्या मुलीचें अंग एकाएकीं तापलें, घाम येईनासा झाला, व ती असंबद्ध बोलूं लागली. रस्त्याच्या कडेला एका कडुनिंबाखालीं गाडी उभी करून आम्हीं तिच्या अंगावर पाणी ओतलें, ओल्या पंचानें वारा घातला आणि तसेच जवळच्या दवाखान्यांत गेलों. देवाच्या दयेनें ती रात्रींपर्यंत सावध झाली. राहिलेलीं दोन जंगलें तशींच राहिलीं. दोष उन्हाचा नव्हता. ऊन तेथें दरवर्षीं असतेंच. दोष बेताचा होता.

मग वसंतांतच कां जावें? याचें कारण विदर्भांतील वनांच्या प्रकृतींत आहे. तीं बहुतेक साग व बांबूचीं पानझडी वनें आहेत. पावसाळ्यानंतर तीं इतकीं दाट असतात कीं दहा पावलांवर वाघ बसला तरी दिसावयाचा नाहीं. माघ-फाल्गुनांत पानें गळतात, गवत वाळतें, नाले आटतात, आणि चैत्रापासून पाणी कांहीं थोड्या डोहांत व वनखात्यानें बांधलेल्या पाणवठ्यांतच उरतें. त्यामुळें जनावर पाण्याकडे येतेंच. पाहुण्याच्या सोयीचा हा काळ जनावराच्या मात्र अडचणीचा आहे, ही गोष्ट मुलांस आधींच सांगून ठेवावी, म्हणजे पाणवठ्यावर गप्प कां बसावयाचें तें निराळें शिकवावें लागत नाहीं. पळस फाल्गुनांत फुलतो व परीक्षा संपेपर्यंत ओसरतो, एवढें एक दुःख आहे. पण एप्रिलअखेर बहावा पिवळा होऊं लागतो, आणि त्यावर समाधान मानावें.

आतां दोन शब्दांचा खुलासा. 'अभयारण्य' आणि 'राष्ट्रीय उद्यान' हीं एकच नव्हेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें अभयारण्यांत कांहीं हक्क व चराई यांस परवानगी मिळूं शकते. राष्ट्रीय उद्यानांत ती मिळत नाहीं. जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान अमेरिकेंतील यलोस्टोन, तें १८७२ सालीं झालें. आपल्या देशांतील पहिलें १९३६ सालीं हिमालयाच्या पायथ्याशीं झालें, त्यास आज कॉर्बेट यांचें नांव आहे. महाराष्ट्रांत पहिला मान ताडोब्यास १९५५ सालीं मिळाला. आज राज्यांत अशीं सहा उद्यानें आहेत : ताडोबा, नवेगांव, पेंच, गुगामल, बोरिवलीचें संजय गांधी उद्यान आणि सह्याद्रींतील चांदोली. शेवटचीं दोन पश्चिमेस असल्यामुळें तीं या यात्रेंत धरूं नयेत. उरलेलीं चार पूर्वेस एका ओळींत नसलीं तरी एका फेऱ्यांत बसतात.

लांब जाण्यापूर्वीं घराजवळ एक रंगीत तालीम करावी. आपल्याच जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें काळविटांचें अभयारण्य आहे. १९८० सालीं स्थापन झालेलें हें क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर, पण सकाळच्या उन्हांत काळ्या पाठीचा नर गवतावरून उड्या घेत निघाला म्हणजे क्षेत्रफळ कोण विचारतो? मुलांस दोन तास न बोलतां बसतां येतें कीं नाहीं, आजींस गाडींतील धक्के सोसतात कीं नाहींत, दुर्बिणीचा कांटा कसा फिरवावा, हें सर्व तेथेंच कळून येतें. आमच्या घरीं हें न कळल्यामुळें ताडोब्यांतील पहिली सकाळ दुर्बिणीवरून झालेल्या भांडणांत गेली.

मार्ग असा घ्यावा. केडगांवाहून नगर शहर ओलांडून छत्रपति संभाजीनगर सुमारें सव्वाशें किलोमीटरांच्या आंत आहे. तेथून समृद्धि महामार्गास लागावें. नागपूर ते मुंबई असा हा ७०१ किलोमीटरांचा रस्ता. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं व अखेरचा भाग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. या रस्त्याविषयीं मला थोडें कठोर बोलावयाचें आहे. तो सरळ, रुंद व एकसुरी आहे; त्यावर डोळे उघडे असतांही मन झोंपी जातें. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीं सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली व २५ माणसें जळून मेलीं. तेव्हां रात्रीं गाडी हांकावयाची नाहीं, हा पहिला नियम. दर दीड-दोन तासांनीं थांबावें. निघण्यापूर्वीं टायर जाणत्यास दाखवावे. तापलेल्या काँक्रीटवर जुना टायर फुटतो, आणि वेगांत फुटलेला टायर क्षमा करीत नाहीं.

पहिला मुक्काम लोणार. मेहकरजवळ महामार्ग सोडला कीं अशनिपातानें झालेलें तें सरोवर फार दूर नाहीं. विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर, पाणी खारट व अल्कधर्मी. २०२० च्या जून महिन्यांत तें गुलाबी झालें होतें, आणि त्याच वर्षीं त्यास रामसर यादींत स्थान मिळालें. मुलांस येथें एक संध्याकाळ द्यावी, अधिक नको. पुढें मेळघाट आहे.

मेळघाटास घाई करणाऱ्यानें जाऊंच नये. १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हां निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत हें होतें, व गुगामल उद्यान त्याच्या पोटांत आहे. येथें डोंगर मोठे, दऱ्या खोल, आणि वाघ सहसा दिसत नाहीं. हें ऐकून पुष्कळ लोक मेळघाट गाळतात. माझ्या मतें ते चुकतात. चिखलदऱ्याची उंची हजार मीटरांहून अधिक असल्यामुळें रात्री सुसह्य असतात, आणि सेमाडोह-कोलकासच्या बाजूस सिपना नदीकांठीं बसलें कीं जंगल म्हणजे नुसता वाघ नव्हे हें आपोआप समजतें. रानपिंगळा नांवाचें छोटें घुबड १८८४ नंतर कोणीं पाहिलें नव्हतें. तें ११३ वर्षांनीं, १९९७ सालीं, शहाद्याजवळ पुनः सांपडलें व पुढें मेळघाटांतही आढळलें. होळीच्या सुमारास जाणें झालें तर कोरकू स्त्रीपुरुष वाटेंत गाडी अडवून नाचत 'फगवा' मागतात. रागावूं नये, सुटे पैसे जवळ ठेवावे. तो त्यांचा वर्षाचा मोठा सण आहे.

तेथून अमरावती व नागपूर करून पेंच. रामटेक सोडल्यावर सिल्लारीचें प्रवेशद्वार येतें. नागपूर-शिवनी रस्त्याखालून जनावरांस जाण्यायेण्यासाठीं मोठमोठे मार्ग ठेविले आहेत; त्यांपैकीं एकाची लांबी ७५० मीटर आहे. वरून मोटारी व खालून वाघ, अशी ही व्यवस्था मुलांस अवश्य दाखवावी. येथील आकाश काळेंभोर असतें. २०२४ च्या आरंभीं पेंच हें देशांतील पहिलें अंधार-आकाश उद्यान ठरलें. चंद्र नसेल ती रात्र साधावी.

नवेगांवबांध येथें तलाव आहे. अठराव्या शतकांत कोलू पाटील कोहळी यानें तो बांधला असें सांगतात. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळें हें नांव मराठी घरांत पोहोंचलें. येथें विश्रांतीचा दिवस घालावा. आमच्या बेतांत असा दिवस नव्हता. हीच ती चूक.

शेवटीं ताडोबा. गाभा सुमारें ६२५ चौरस किलोमीटर. मंगळवारीं तो बंद असतो, हें विसरून आलेलीं कुटुंबें दारांतून परत जातांना मीं पाहिलीं आहेत. आरक्षण अधिकृत संकेतस्थळावरून, तेंही पुष्कळ आधीं करावें; मधल्या माणसाकडे पैसे देऊं नयेत. सर्वांचीं मूळ ओळखपत्रें जवळ असावीं. आपली मोटार दाराबाहेर राहते. आंत उघडी जिप्सी व वाटाड्या यांच्यासह जावयाचें. वाटाड्याशीं प्रेमानें बोलावें. वानर झाडावरून खोकूं लागलें किंवा सांबरानें मोठ्यानें हांक दिली, म्हणजे तो गाडी थांबवितो व ऐकतो. तो वाघ डोळ्यांनीं नव्हे, कानांनीं शोधतो. "पुढें घे, जवळ घे" असा आग्रह त्याच्याशीं कधीं करूं नये. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एका वाघिणीस व तिच्या पांच बछड्यांस गाड्यांनीं दोन्हींकडून अडविलें. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याची स्वतःहून दखल घेतली. तो आग्रह आपल्यासारख्याच पाहुण्यांचा होता.

आणखी एक गोष्ट. आपण पहाटे जंगलांत शिरतों तेव्हां आसपासच्या खेड्यांतील माणसेंही शिरलेलीं असतात, पण जिप्सींतून नव्हे. चैत्रांत मोहाचीं फुलें रात्रीं गळतात व तीं उजाडतां उजाडतां वेचावीं लागतात. मे महिन्यांत तेंदूचीं पानें. २०२५ च्या मे महिन्यांत सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानांस गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघिणीच्या हल्ल्यांत मरण पावल्या. फुलें स्पष्ट दिसावीं म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची चाल आहे, आणि तीच आग पुष्कळदां वनांत पसरते. म्हणून वनखातें उन्हाळ्याआधीं जाळरेषा काढतें. आपण निदान विस्तव व काड्यापेटी गाडींतच राहूं द्यावी. मुक्कामाच्या गांवीं जेवण, दूध, भाजी तेथल्याच माणसांकडून घ्यावी.

वेळापत्रक आतां असें बसवावें : लोणार एक रात्र, मेळघाट दोन, पेंच दोन, नवेगांव एक, ताडोबा दोन, परतीस वाटेंत एक. म्हणजे दहा दिवस. सकाळीं अकरा ते सायंकाळीं चार कोणीही उन्हांत नको. गांवाहून गांवीं जाणें भल्या पहाटे. प्रत्येकास रोज चार लिटर पाणी, मीठ-साखर, पांढरे सुती कपडे, टोप्या. भडक रंग नकोत. दहा दिवस सुटत नसतील तर पेंच व ताडोबा एवढींच घ्यावीं आणि मेळघाट दिवाळींत पाहावें.

यंदा एप्रिलच्या २२ तारखेस आम्ही पुनः निघणार आहों. धाकटीनें आपली टोपी व पाण्याची बाटली आधींच दाराशीं ठेविली आहे, आणि नकाशावर बोट फिरविण्याचें काम या वेळीं तिच्या आईकडे दिलें आहे.