पिल्लांची हगवण आणि प्रोबायोटिक

मागच्या भागानंतर एका वराहपालकांनी विचारलं, "सर, पिल्लांच्या खाद्यातलं अँटिबायोटिक बंद करून प्रोबायोटिकची पावडर घातली तर चालेल का?" माझं उत्तर असं आहे : चालेल, पण नुसत्या अदलाबदलीने नाही.

आधी पिल्लाचं पोट समजून घेऊ. निसर्गात डुकराचं पिल्लू तीन-चार महिन्यांत हळूहळू दूध सोडतं. फार्मवर आपण तीन-चार आठवड्यांतच त्याचं दूध तोडतो. एकाच दिवशी आई जाते, दूध जातं, जागा बदलते आणि शेजारी अनोळखी पिल्लं येतात. पिल्लू नीट खात नाही. आतड्याच्या आतल्या बाजूचे बारीक रसांकुर आखूड होतात. त्याच्या जठरात आम्ल मुळातच कमी तयार होतं. आतापर्यंत लॅक्टोबॅसिलस जिवाणू दुधातल्या साखरेपासून आम्ल बनवून ती उणीव भरून काढत होते. दूध थांबलं की तेही घटतात. मग ई. कोलाय आतड्याला चिकटतो, विष सोडतो आणि हगवण लागते.

यावर सोपा उपाय म्हणून खाद्यात रोज थोडं अँटिबायोटिक घालण्याची पद्धत पडली. पण थोड्या मात्रेत कमकुवत जिवाणू मरतात आणि दाद न देणारे उरतात. २०१५ मध्ये चीनमधल्या डुकरांच्या जिवाणूंत कोलिस्टिनला न जुमानणारं एमसीआर-१ हे जनुक सापडलं. ते एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतं. माणसाला बाकीची औषधं लागू पडेनाशी झाली की डॉक्टर कोलिस्टिनकडे वळतात. म्हणून भारतातही २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी आली.

वाढीसाठी अँटिबायोटिक घालणं स्वीडनने १९८६ मध्येच थांबवलं. डेन्मार्कने १९९० च्या दशकाच्या अखेरीस थांबवलं, तेव्हा सुरुवातीला दूध तोडलेल्या पिल्लांत हगवण वाढली आणि उपचाराची औषधंही वाढली. तरीही १९९२ ते २००८ या काळात दर किलो डुकरामागे लागणारं अँटिबायोटिक निम्म्याहून कमी झालं आणि उत्पादन वाढलं. युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून सगळीकडेच बंदी आली.

आता प्रोबायोटिक. हे औषध नाही, हे जिवंत उपयोगी जिवाणू किंवा यीस्ट. ते आतड्यातली जागा आणि अन्न आधीच व्यापतात. काही जिवाणू आम्ल तयार करतात, त्यामुळे ई. कोलायला थारा मिळणं अवघड होतं. बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू गोळीखाद्य बनवतानाची उष्णता सोसतात, लॅक्टोबॅसिलस सहसा सोसत नाहीत. म्हणून पाकिटावर जिवाणूचं नाव, संख्या आणि मुदत वाचा. परिणाम सगळ्या फार्मवर सारखा दिसत नाही, हेही लक्षात ठेवा.

माझा सल्ला एवढाच. दूध चार आठवड्यांच्या आधी तोडू नका. आईजवळ असतानाच पिल्लांना थोडं कोरडं खाद्य चाखायला द्या आणि प्रोबायोटिक तेव्हापासूनच सुरू करा. जागा कोरडी आणि उबदार ठेवा, पाणी स्वच्छ द्या. खाद्यातल्या प्रथिनांचा अतिरेक टाळा, कारण न पचलेल्या प्रथिनांवर नको ते जिवाणू पोसले जातात.

आणि पिल्लू खरंच आजारी पडलं तर पशुवैद्यकाला बोलवा. त्या वेळी अँटिबायोटिक लागलं तर जरूर द्या. ते त्या दिवशी लागू पडावं, म्हणूनच तर एरवी रोजच्या खाद्यात घालायचं नाही.