आंदोलनी ऱ्हिओमीटर चाचणी आणि रस्त्याच्या डांबराची श्यान-स्थितिस्थापकता

प्रस्तावना :
पदवी वर्गाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत स्थितिस्थापकता आणि श्यानता हे गुणधर्म दोन वेगळ्या टेबलांवर शिकविले जातात. एका टेबलावर तारेचा यंग गुणांक काढला जातो, तर दुसऱ्यावर एरंडेल तेलातून खाली जाणाऱ्या गोळीच्या वेगावरून स्टोक्सच्या पद्धतीने श्यानता. त्यामुळे घन पदार्थ स्थितिस्थापक आणि द्रव पदार्थ श्यान अशी सरळ विभागणी विद्यार्थ्याच्या मनात पक्की होते. प्रत्यक्षात मळलेली कणीक, चक्का, छपाईची शाई, भिंतीचा रंग, डांबर असे व्यवहारातील कितीतरी पदार्थ या दोहोंच्या मध्ये येतात. त्यांना श्यान-स्थितिस्थापक पदार्थ म्हणतात. अशा पदार्थांचे दोन्ही गुण एकाच चाचणीत कसे मोजले जातात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात डांबराच्या उदाहरणाने केले आहे. (ज्याला आपण डांबर म्हणतो ते आज बहुधा खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारे बिटुमेन असते. लेखात रूढ शब्दच ठेवला आहे.)

या पदार्थवर्गाचा स्वभाव दाखविणारा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली मांडला. हातोडीच्या घावाने काचेसारखा फुटणारा पिच हा पदार्थ त्यांनी नरसाळ्यात ठेवला; त्याचा नववा थेंब २०१४ साली सुटला. पदार्थ घनासारखा वागेल की द्रवासारखा, हे त्याच्यावर बल किती काळ राहते यावरही ठरते.

चाचणीचे तत्त्व :
ऱ्हिओमीटरमध्ये दोन समांतर गोल तबकड्यांच्या मध्ये नमुना ठेवतात. रस्त्यावरील उच्च तापमानाच्या चाचणीसाठी तबकडीचा व्यास २५ मिलिमीटर आणि मधले अंतर १ मिलिमीटर असते. खालची तबकडी स्थिर राहते. वरची तबकडी एका दिशेने सतत न फिरता किंचित पुढे, किंचित मागे अशी आंदोलने करते. नमुन्यात ज्या-नुसार कर्तन विकृती उत्पन्न होते आणि त्यासाठी लागणारे प्रतिबल उपकरण नोंदविते.

नमुना पूर्ण स्थितिस्थापक असेल तर प्रतिबल विकृतीच्या प्रमाणात असते, म्हणून दोन्ही वक्र एकाच वेळी शिखर गाठतात. कलांतर शून्य अंश. नमुना शुद्ध श्यान असेल तर प्रतिबल विकृतीच्या दराच्या प्रमाणात असते. हा दर मध्यस्थितीत कमाल आणि टोकाला शून्य असल्यामुळे कलांतर ९० अंश होते. श्यान-स्थितिस्थापक पदार्थाचे कलांतर या दोन मर्यादांमध्ये कोठेतरी पडते. प्रतिबलाच्या आयामाला विकृतीच्या आयामाने भागले असता संमिश्र गुणांक मिळतो. त्याला कलांतराच्या कोज्येने गुणले की साठवलेल्या आणि परत मिळणाऱ्या ऊर्जेशी निगडित साठवण गुणांक, व ज्येने गुणले की उष्णतेच्या रूपात वाया जाणाऱ्या ऊर्जेशी निगडित ऱ्हास गुणांक मिळतो.

समजा, दोन डांबरांचा संमिश्र गुणांक समान आहे. पण पहिल्याचे कलांतर ८५ अंश तर दुसऱ्याचे ६५ अंश आहे. पहिल्यात साठवण गुणांक संमिश्र गुणांकाच्या जेमतेम ९ टक्के भरतो, दुसऱ्यात सुमारे ४२ टक्के. चाक पुढे गेल्यावर दुसरे डांबर बरेचसे पूर्वस्थितीस येईल, पहिले मात्र दबलेलेच राहील. केवळ श्यानता मोजणाऱ्या केशनलिकेला हा फरक कळत नाही.

यात एक पथ्य आहे. आंदोलनाचा आयाम इतका लहान हवा की गुणांक आयामावर अवलंबून राहू नये. म्हणून आधी वारंवारता स्थिर ठेवून आयाम वाढवीत नेतात आणि ही रेषीय मर्यादा शोधतात. मग त्या मर्यादेत राहून वारंवारता बदलतात. हा क्रम चुकला तर आकडे मिळतात, पण ते पदार्थाचे नसून मोडलेल्या रचनेचे असतात.

मानके आणि आपले रस्ते :
अमेरिकेतील १९८७ ते १९९३ या काळातील महामार्ग संशोधन कार्यक्रमातून ही चाचणी डांबरासाठी रूढ झाली. प्रत्येक आंदोलनात वाया जाणारी ऊर्जा, प्रतिबल ठरावीक असता, कलांतराच्या ज्येच्या सम आणि संमिश्र गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून संमिश्र गुणांक भागिले कलांतराची ज्या हा निकष घेतला गेला. ताज्या डांबरासाठी त्याचे मूल्य किमान १ किलोपास्कल, आणि भट्टीत पातळ थराच्या रूपात तापवून जुने केलेल्या डांबरासाठी २.२ किलोपास्कल असावे लागते.

भारतात साध्या डांबराचे आयएस ७३ हे मानक २००६ सालापासून श्यानतेवर आधारित आहे. ६० अंश सेल्सिअसला व्हीजी-३० ची श्यानता किमान २४०० पॉइज, तर व्हीजी-४० ची ३२०० पॉइज लागते. बहुवारिकमिश्रित डांबराच्या आयएस १५४६२ या मानकाने मात्र २०१९ च्या आवृत्तीत ऱ्हिओमीटरचा स्वीकार केला.

आता आपल्या भागाकडे पाहू. वरील चाचणीत आंदोलनाची कोनीय वारंवारता सेकंदाला १० रेडियन, म्हणजे सुमारे १.६ हर्ट्झ असते, आणि ती ताशी ८० ते ९० किलोमीटर वेगाच्या वाहतुकीशी जुळते असे मानले जाते. घोडबंदर मार्गावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर सायंकाळी प्रवास करणाऱ्या कोणासही हा वेग वाचून हसू येईल. वाहन ताशी १५ किलोमीटरने सरकत असेल तर चाकाचा भार डांबरावर पाच-सहा पट अधिक काळ राहतो. वारंवारता तितकी घटली की संमिश्र गुणांक घटतो आणि कलांतर ९० अंशांकडे झुकते. सिग्नलपाशी व बसथांब्यापाशी डांबराला चाकोऱ्या आणि लाटा पडतात, त्यामागे हे एक प्रमुख कारण आहे. (या मार्गांचे जे भाग काँक्रीटचे झाले, तेथे हा विचार अर्थातच लागू नाही.) अमेरिकन पद्धतीत यावर तोड आहे : ताशी २० किलोमीटरहून कमी वेगाच्या वाहतुकीसाठी तापमानाच्या दोन श्रेणी, म्हणजे १२ अंश सेल्सिअस, वरचे डांबर निवडावे. आपल्याकडील निविदांत वाहनांची संख्या दिसते; त्यांचा वेगही तेथे नोंदला जावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मात्र पावसाळ्यातील खड्ड्यांचा सगळा दोष या आकड्यांवर टाकता येणार नाही. ऱ्हिओमीटर डांबराचा अंतर्गत स्वभाव सांगतो. पाणी शिरून खडीवरून डांबर सुटते तो प्रश्न आसंजनाचा व निचऱ्याचा आहे. ठाणे जिल्ह्यातील पावसात उत्तम कलांतराचे डांबरही तुंबलेल्या गटारापुढे टिकत नाही. त्यासाठी पाण्यात ठेवलेल्या डांबरमिश्रित नमुन्यांच्या बलचाचण्या वेगळ्या कराव्या लागतात.

महाविद्यालयांना ऱ्हिओमीटरची किंमत परवडत नाही. तथापि कलांतराची कल्पना वर्गात दाखविणे कठीण नाही. पीळ-दोलकाची चकती आधी हवेत आणि मग एरंडेल तेलात आंदोलित करून आयाम कसा घटतो, हे विद्यार्थ्यांना मोजू द्यावे. तार स्थितिस्थापक, तेल श्यान, आणि दोहोंचा परिणाम एकाच वक्रात. पहिल्या परिच्छेदातील दोन टेबले येथे एकत्र येतात.