सिकलसेलचं जनुक फक्त रक्तात नसतं

गैरसमज : सिकलसेलचं जनुक रक्तात असतं. रक्त बदललं की तेही जातं.

वस्तुस्थिती : देऊळघाटपासून पार गडचिरोलीपर्यंत, विदर्भात सिकलसेलचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. त्याच्या भरवशावर लग्नाआधीची तपासणी टाळली जाते, म्हणून ते ऐकून संताप होतो.

सिकलचा बदल आईबापांकडून गर्भाच्या पहिल्याच पेशीत येतो. त्यामुळे त्वचा, यकृत, मेंदू, जिथे पेशीला केंद्रक आहे तिथे तो असतोच. मग हिमोग्लोबिन अस्थिमज्जेतच का बनतं? पेशीतला सुमारे २ मीटर डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. ही बांधणी म्हणजे क्रोमॅटिन. लाल पेशी घडवणाऱ्या मज्जापेशींत नियामक प्रथिनं ग्लोबिनच्या जनुकापाशी ती सैल करतात आणि जनुक वाचलं जातं. मेंदूच्या पेशीत तोच भाग बंद राहतो.

पटत नसेल तर १९७६ चा प्रयोग पाहा. हॅरोल्ड वाइनट्रॉब आणि मार्क ग्रूडीन यांनी तो ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. कोंबडीच्या लाल पेशींना केंद्रक असतं. त्या केंद्रकांत डीएनए तोडणारं विकर घातलं, तेव्हा ग्लोबिनचं जनुक चटकन तुटलं. संयोजी ऊतीच्या पेशींत तेच जनुक तग धरून राहिलं. जनुक दोन्हीकडे होतं, उघडं मात्र एकाच ठिकाणी.

रक्त चढवल्याने काही आठवडे आराम पडतो, पण मज्जा तीच राहते. मज्जारोपणाने आजार बरा होऊ शकतो, तरी बीजपेशी बदलत नाहीत. एसएस, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला एक सिकल जनुक मिळतंच.

आणखी तीन गैरसमज. ‘बंद जनुक कायमचं बंद.’ नाही. गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचं जनुक जन्मानंतर बीसीएल-११ए हे प्रथिन दाबून ठेवतं. हायड्रॉक्सियुरियाने ते हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढतं. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला कॅसजेव्ही उपचार त्या प्रथिनालाच आवर घालतो.

‘बाळ सहा महिने ठणठणीत, म्हणजे सिकल नाही.’ तेवढे महिने गर्भातलंच हिमोग्लोबिन बाळाला सांभाळतं.

‘एएस म्हणजे रोगी.’ नाही, एकच सिकल जनुक असलेला वाहक. बहुतेकांना त्रास होत नाही. पण नवरा-बायको दोघंही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते.

जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते आहे. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तेवढ्यावर थांबू नका. एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीसारख्या चाचणीने ठरतं. ती लग्न ठरण्याआधी करून घ्या.